गिळताना श्वासनळी नक्की कोण बंद करतं?

खडीसाखर

शाळेच्या पुस्तकातली आकृती सगळ्यांना आठवत असेल: घास आला की एपिग्लॉटिस नावाचं झाकण श्वासनळीवर पडतं आणि घास मागच्या अन्ननळीत जातो. आकृती खोटी नाही, पण अपुरी आहे. पक्षाघाताच्या किंवा पार्किन्सनच्या रुग्णाला भरवायची वेळ आली की तो अपुरेपणा महागात पडतो. एपिग्लॉटिस स्वतःच्या ताकदीवर पडत नाही, त्याला पाडावं लागतं. आणि तो पडण्याआधीच खाली बरंच काही मिटलेलं असतं. म्हणून हा धागा. भरवणाऱ्या घरच्यांनी, परिचारिकांनी, फिजिओथेरपी आणि स्पीच थेरपीच्या विद्यार्थ्यांनी प्रश्न जरूर विचारावेत.

घसा ही हवेची आणि अन्नाची सामाईक वाट आहे. खाली तिला दोन फाटे फुटतात. पुढे स्वरयंत्र आणि त्याखाली श्वासनळी, मागे अन्ननळी. एरवी पुढची वाट उघडी असते आणि मागची आवळलेली. गिळताना हे नेमकं उलटं करावं लागतं, तेही साधारण एका सेकंदात.

जीभ टाळूला टेकून घास मागे ढकलते. मऊ टाळू वर उचलला जाऊन नाकाची वाट बंद होते. श्वास थांबतो आणि स्वरतंतू एकमेकांना भिडतात. त्यांच्या वरच्या घड्या, ज्यांना खोटे स्वरतंतू म्हणतात, त्याही जवळ येतात. मागच्या बाजूचे दोन छोटे कूर्चेचे तुकडे, ॲरिटिनॉइड, पुढे झुकून एपिग्लॉटिसच्या मुळाला टेकतात. माझ्या मते श्वासनळी खऱ्या अर्थाने इथे बंद होते. त्याच वेळी हनुवटीखालचे स्नायू हायॉइड हाडाला (कंठमण्याच्या वर, जिभेच्या मुळाशी असलेलं छोटं हाड) वर आणि पुढे ओढतात, आणि हायॉइडला बांधलेलं अख्खं स्वरयंत्र सुमारे २ सेंटीमीटर वर चढून जिभेच्या मुळाखाली दडतं. या ओढीमुळे एपिग्लॉटिस आधी आडवा होतो. मग जिभेचं मूळ मागे येतं, घासाचा भार पडतो आणि तो पुरता खाली कलंडतो.

हीच ओढ आणखी एक काम करते. अन्ननळीच्या तोंडाशी असलेला क्रायकोफॅरिंजिअस स्नायू कायम आवळलेला असतो. मेंदूकडून निरोप आला की तो सैल पडतो, पण सैल पडणं म्हणजे उघडणं नव्हे. स्वरयंत्र पुढे सरकतं तेव्हा ते अन्ननळीच्या तोंडाची पुढची भिंत ओढून उघडतं. म्हणजे स्वरयंत्र नीट चढलं नाही तर दोन्ही बिघडतं: श्वासनळी अर्धवट मिटते आणि अन्ननळी अर्धवट उघडते. उरलेला घास मग खळग्यांत साठतो. जिभेच्या मुळाशी असतात ती व्हॅलेक्युला, स्वरयंत्राच्या दोन्ही बाजूंना असतात ते पायरिफॉर्म सायनस. गिळून झाल्यावर श्वास सुरू झाला की तिथलं अन्न आत ओघळतं.

हे हाताला कळतं. तर्जनी हनुवटीखाली, मधलं बोट हायॉइडवर, अनामिका कंठमण्याच्या वरच्या कडेवर आणि करंगळी त्याच्या खाली ठेवा. दाबू नका. लाळ गिळा. कंठमणी अनामिकेखालून झटक्यात वर सरकायला हवा. तो रेंगाळत चढला, अर्ध्यावर थांबला किंवा एका घोटासाठी तीन-चारदा चढउतार करू लागला तर तपासणी हवी. मात्र बोटांनी फक्त चढणं कळतं, आत काय मिटलं ते नाही.

पाऊलवाट

मग कर्करोगात एपिग्लॉटिस काढून टाकलेली माणसं जेवतात कशी?

वाटाड्या

जेवतात, पण शिकून. स्वरतंतूंच्या वरचा भाग काढायच्या शस्त्रक्रियेत एपिग्लॉटिस आणि खोटे स्वरतंतू जातात. उरतात खरे स्वरतंतू, ॲरिटिनॉइड आणि जिभेचं मूळ. ॲरिटिनॉइड पुढे येऊन जिभेच्या मुळाला भिडले की काम चालतं. म्हणूनच दोन्ही ॲरिटिनॉइड आणि जिभेचं मूळ जितकं वाचेल तितकं गिळणं लवकर परततं. अशा रुग्णांना शिकवायची पद्धत:

नाकाने श्वास घ्या. तो रोखून धरा. घोट तोंडात घ्या. श्वास रोखलेलाच ठेवून गिळा. गिळल्याबरोबर, श्वास आत न घेता, खोका. पुन्हा एकदा कोरडं गिळा. मग श्वास घ्या.

चूक नेहमी एकाच जागी होते. गिळणं आणि खोकणं यांच्या मध्ये माणूस नकळत श्वास आत ओढतो आणि खळग्यात उरलेलं सगळं आत जातं. आधी अन्नाशिवाय, नुसत्या लाळेवर हा क्रम पक्का करून घ्यावा.

याच्या उलट उदाहरण स्वरतंतूच्या लकव्याचं. एपिग्लॉटिस शाबूत, तरी पाणी पिताना ठसका. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेत त्याच्या मागून जाणाऱ्या, स्वरतंतू हलवणाऱ्या नसेला इजा झाली तर हे होतं. डाव्या बाजूची नस छातीत महाधमनीच्या कमानीखालून वळून वर येते, त्यामुळे छातीतल्या गाठी किंवा हृदयाची शस्त्रक्रिया यांमुळेही डावा स्वरतंतू बंद पडू शकतो. आवाज हवेशीर, घोगरा, खोकला पोकळ आणि पातळ पदार्थाला ठसका, हे तिन्ही एकत्र दिसलं की दुर्बिणीतून स्वरतंतू पाहिलेच पाहिजेत. हलत नसलेला तंतू इंजेक्शनने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने मध्याकडे सरकवला की दुसरा त्याला भिडू शकतो.

आपल्याकडे तंबाखू-गुटख्यामुळे तोंडाचे आणि घशाचे कर्करोग भरपूर, त्यामुळे रेडिएशनबद्दलही लिहितो. रेडिएशनने हनुवटीखालचे आणि मानेचे स्नायू हळूहळू राठ होतात. स्वरयंत्र चढत नाही, शिवाय संवेदनाही कमी होते. त्रास उपचार संपल्यावर काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी वाढतो. गिळण्याचे व्यायाम रेडिएशन सुरू होण्याआधी शिकवले पाहिजेत आणि उपचार चालू असताना, दुखत असलं तरी, तोंडाने थोडंफार गिळत राहिलं पाहिजे. अन्नाची नळी बसली म्हणून महिना-दोन महिने गिळणं पूर्ण बंद ठेवलं की स्नायू परत कामाला लावणं फार अवघड जातं.

टाकळा

श्वासाची बाजू मांडतो, कारण ती नेहमी मागे राहते.

गिळताना श्वास साधारण अर्धा ते दीड सेकंद थांबतो. निरोगी मोठ्या माणसात बहुतेक वेळा क्रम असा: थोडा उच्छ्वास, मग गिळणं, मग पुन्हा उच्छ्वास. गिळून झाल्यावर हवा बाहेर येते म्हणजे स्वरयंत्राच्या तोंडाशी राहिलेला कण बाहेर ढकलला जातो. सीओपीडी या फुप्फुसांच्या जुनाट आजाराच्या रुग्णात हा क्रम मोडतो. त्याला हवेची घाई असते, तो गिळल्याबरोबर श्वास आत घेतो. म्हणून मिनिटाला ३० च्या आसपास श्वास चालू असताना कुणालाही भरवू नये, भूक कितीही लागलेली असो. दम बसू द्या. मग छोटे घास द्या आणि दोन घासांमध्ये दोन-तीन श्वास जाऊ द्या.

जेवताना बोलू नये हे घरोघरी सांगतात त्याचं कारणही इथेच आहे. वाक्य संपलं की माणूस झटकन खोल श्वास घेतो. त्या क्षणी स्वरतंतू पूर्ण उघडे असतात आणि तोंडात घास असतो.

आता ट्रेकिओस्टॉमी, म्हणजे गळ्याला भोक पाडून श्वासनळीत बसवलेली नळी. एक समज अनेक वॉर्डांत पक्का आहे: कफ (नळीभोवतीचा फुगा) फुगवला की आत काही जात नाही, बिनधास्त भरवा. हा समज घातक आहे. कफ श्वासनळीत, स्वरतंतूंच्या खाली असतो. कफवर येऊन साठलेलं अन्न स्वरतंतू ओलांडून आलेलंच असतं. कफच्या कडेने ते हळूहळू झिरपतं आणि कफ सोडला की एकदम खाली जातं. शिवाय हवा भोकातून निघून जाते, त्यामुळे स्वरतंतूंखाली दाब तयार होत नाही आणि खोकला दुबळा पडतो. स्पीकिंग व्हॉल्व्हने, म्हणजे नळीतून श्वास आत घेऊ देणाऱ्या पण बाहेर न सोडणाऱ्या एकेरी झडपेने, तो दाब परत मिळतो, पण हे ठळक लिहून ठेवा: कफ फुगलेला असताना स्पीकिंग व्हॉल्व्ह कधीही लावायचा नाही. श्वास आत जाईल, बाहेर यायला वाटच राहणार नाही.

पारंबी

टाकळा, हे प्रत्येक वॉर्डच्या भिंतीवर लावायला हवं.

ठसक्याबद्दल लिहिते. ठसका लागतो म्हणजे धोका आणि ठसका नाही म्हणजे सगळं ठीक, असं घरचे धरून चालतात. ठसका ही रक्षणाची शेवटची फळी आहे. स्वरयंत्राच्या वरच्या भागाची संवेदना सुपीरियर लॅरिंजिअल नसेतून मेंदूच्या देठाकडे जाते. ही नस दोन्ही बाजूंनी बधिर केली की धडधाकट माणसाचंही स्वरयंत्र गिळताना पूर्ण मिटत नाही, म्हणजे ती फक्त खोकल्यासाठी नाही. पक्षाघात, पार्किन्सन, बरेच दिवस घशात श्वासाची नळी असणं, यांत ही संवेदना मंदावते आणि पाणी स्वरतंतूंखाली गेलं तरी माणूस शांत बसून राहतो. घशात बधिर करणारा फवारा मारून दुर्बीण घातली असेल तर नंतर किमान तासभर, किंवा डॉक्टर सांगतील तितका वेळ, पाणीही का देत नाहीत ते यावरून कळेल.

ठसक्याशिवाय काय पाहायचं? गिळल्यावर आवाज ओला, गुरगुरता होतो का. त्यासाठी प्रत्येक दोन-तीन घोटांनंतर "आ" म्हणायला सांगावं. डोळ्यांत पाणी येतं का, जेवताना श्वास वाढतो का, जेवण पाऊण तासाहून लांबतं का, संध्याकाळी बारीक ताप येतो का, वजन उतरतंय का. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर मात्र विसंबू नका. आत पाणी गेलं तरी आकडा तसाच राहू शकतो आणि दुसऱ्याच कारणाने खालीही येऊ शकतो.

पक्षाघात झाल्यावर गिळण्याची चाचणी होईपर्यंत तोंडाने काहीही नाही. गोळी नाही, चमचाभर पाणी नाही, तीर्थ नाही. ९० मिली पाण्याची चाचणी प्रशिक्षित माणसानेच करावी: रुग्ण पूर्ण जागा, सरळ बसलेला, तोंड स्वच्छ केलेलं, आणि ९० मिली पाणी न थांबता पिणं. मध्येच थांबावं लागलं, खोकला आला किंवा आवाज ओला झाला तर नापास. नापास म्हणजे पुढची तपासणी हवी, आयुष्यभर नळी असा त्याचा अर्थ नाही.

आणि बेशुद्ध किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतणं थांबवा. मेंदू जागा नसेल तर वर लिहिलेल्यातली एकही हालचाल वेळेवर होत नाही.

पाऊलवाट

राईल्स ट्यूब (नाकातून पोटात जाणारी अन्नाची नळी) असेल तर धोका संपतो ना?

पारंबी

नाही. लाळ तर गिळावीच लागते, आणि लाळ दिवसाला साधारण अर्धा ते दीड लिटर तयार होते. पोटातलं उलटूनही वर येतं. नळीतून फीड देताना आणि नंतर किमान अर्धा-एक तास पलंगाचं डोकं ३० ते ४५ अंश वर ठेवा. सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट तोंडाची स्वच्छता. नळी आहे, तोंडाने खात नाहीत, म्हणून दात घासतच नाहीत. न्यूमोनिया नुसत्या पाण्याने होत नाही, पाण्याबरोबर तोंडातले जंतू उतरतात म्हणून होतो. दिवसातून किमान दोनदा दात, जीभ, टाळू, गालांच्या आतल्या बाजू साफ करा. कवळी रात्री काढून धुऊन ठेवा.

नाचणी

गिळायला त्रास असलेल्यांना पेयं घट्ट करून द्यायला सांगतात. पण घट्ट करायचं म्हणजे किती, यावर घरोघरी गोंधळ असतो. "पेजेसारखं द्या" असं सांगितलं जातं आणि प्रत्येक घरची पेज वेगळी. त्यासाठी आयडीडीएसआय ही अन्न-पेयांचा पातळ-घट्टपणा ठरवणारी, ० ते ७ अशा पातळ्यांची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. पेयांची चाचणी घरी होते.

१० मिलीची सिरिंज घ्या, दट्ट्या काढा, टोकाला बोट लावून १० मिलीपर्यंत पेय भरा. बोट काढा, १० सेकंद मोजा, बोट परत लावा. किती उरलं ते वाचा. १ मिलीपेक्षा कमी उरलं तर पातळी ०, १ ते ४ मिली तर १, ४ ते ८ मिली तर २. ८ मिलीपेक्षा जास्त उरलं पण थोडं वाहिलं तर ३. थेंबही वाहिलं नाही तर ४, आणि मग ते चमच्याने द्यायचं. सिरिंजवर शून्यापासून १० मिलीपर्यंतची लांबी ६१.५ मिलिमीटर भरली पाहिजे. सगळ्या कंपन्यांच्या सिरिंज सारख्या नसतात, पट्टीने मोजूनच घ्या.

आपल्या पदार्थांतले सापळे:

नाचणीची किंवा तांदळाची पेज पिठाने घट्ट होते. लाळेतला अमायलेज हा पाचक घटक पीठ तोडतो, त्यामुळे जिभेवर रेंगाळलेली पेज तोंडातच पातळ होते. उष्टा चमचा वाडग्यात बुडवत राहिलात तर उरलेली पेजही पातळ होत जाते. दर वेळी थोडी थोडी वेगळ्या वाटीत काढून द्या. पेयं घट्ट करायच्या झँथन गमच्या पावडरीला लाळेचा हा फरक पडत नाही. पेज गार झाली की दाटते, म्हणून ज्या तापमानाला देणार त्याच तापमानाला चाचणी करा.

दोन प्रकार एकत्र असलेले पदार्थ सर्वांत अवघड. पातळ वरणात सुटी शितं, ताकातला भात, दुधातले पोहे, शेवयांची पातळ खीर, रस्सा घातलेली मिसळ. चावत असताना पातळ भाग आधीच घशात उतरतो, तेव्हा स्वरयंत्र उघडं असतं. वरण-भात द्यायचाच तर दोन्ही एकत्र घोटून, पाणी न सुटणारा, काट्याच्या फटीतून जाईल इतका मऊ करा. मोठ्या माणसासाठी कण ४ मिलिमीटरपर्यंत, म्हणजे साधारण काट्याच्या दोन दातांमधली फट.

कोरडे पोहे, भाकरीचा पापुद्रा, चुरमुरे, फरसाण, नारळाचा चव: सुटे कण पसरतात, एक घास बनतच नाही. टाळा.

खडीसाखर

नाचणी, चाचणी उत्तम लिहिलीत. पण घट्ट करणं हा सरसकट उपाय म्हणून वाचणाऱ्यांनी घेऊ नये. पातळ पाणी भरभर उतरतं आणि स्वरयंत्र मिटायच्या आत पोचतं. ज्याचं गिळणं उशिरा सुरू होतं त्याला घट्टपणाने वेळ मिळतो. ज्याची ताकद कमी आहे त्याच्या खळग्यांत घट्ट पदार्थ जास्त उरतो, आणि तो नंतर आत गेला तर खोकून काढणं पाण्यापेक्षा कठीण. घट्ट पाणी माणसं कमी पितात, मग लघवी कमी, बद्धकोष्ठ, गुंगी, आणि गुंगीत गिळणं आणखी वाईट.

कोणाचा दोष उशिराचा आणि कोणाचा ताकदीचा हे बाहेरून ठरत नाही. बेरियम मिसळलेले घास गिळताना एक्स-रेची चलचित्रफीत काढतात किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालून गिळणं पाहतात, त्याला फीज म्हणतात. एक्स-रेत हायॉइडची चाल आणि अन्ननळीचं तोंड दिसतं. फीज खाटेवर, नेहमीच्या जेवणावर करता येते आणि उरलेलं अन्न, साठलेली लाळ स्पष्ट दिसते, पण गिळण्याच्या ऐन क्षणी पडदा पांढरा होतो. दोन्ही एकमेकांना पूरक आहेत.

नाचणी

मान्य. पण ज्या तालुक्यात दोन्ही तपासण्या नाहीत तिथे घरच्यांनी काय करायचं? काहीच न सांगता पाठवलं तर ते कपानेच चहा पाजणार.

खडीसाखर

रास्त प्रश्न. तिथे आधी बैठक, घोटाचा आकार, वेग आणि तोंडाची स्वच्छता सुधारावी. घोट ५ मिलीचा, म्हणजे एक चहाचा चमचा. कंठमणी चढून खाली आलेला दिसल्याशिवाय दुसरा चमचा नाही. भरवणाऱ्याने उभं राहून भरवू नये, नाहीतर रुग्ण वर बघतो. समोर, डोळ्यांच्या पातळीवर बसा. पाणी घट्ट केलं तर दिवसभरात किती गेलं ते मोजा. आणि जिथे तपासणी होते तिथे लवकरात लवकर पाठवा. तोपर्यंत न्यूमोनियाची चिन्हं दिसली तर वाट पाहायची नाही.

शिंपला

तांब्याने वरून पाणी प्यायची सवय असलेल्या वयस्कर माणसांना ते बंद करायला सांगावं का? आणि हनुवटी खाली करून गिळा असं सगळीकडे वाचायला मिळतं, ते सगळ्यांना चालतं?

वाटाड्या

वरून पिताना मान मागे जाते. तेव्हा हनुवटीखालचे स्नायू ताणलेले असतात, स्वरयंत्राला वर-पुढे यायला अवघड पडतं, आणि पाणी जिभेच्या ताब्यात न राहता थेट मागे पडतं. तरुण माणूस हे निभावून नेतो. ठसका लागू लागलेल्या वयस्कर माणसाने भांडं ओठाला लावावं, तेही रुंद तोंडाचं, म्हणजे तळाशी पोचताना मान मागे टाकावी लागत नाही. गोळी घेताना मान मागे झटकणंही सोडा. गोळी वाटून देण्याआधी औषधाच्या दुकानात किंवा डॉक्टरांना विचारा, काही गोळ्या वाटायच्या नसतात.

हनुवटी खाली केल्याने स्वरयंत्राचं तोंड अरुंद होतं आणि गिळणं उशिरा सुरू होणाऱ्यांना फायदा होतो. पण पायरिफॉर्म सायनसमध्ये अन्न साठत असेल तर त्याच स्थितीत ते पुढे सांडू शकतं. घशाची एक बाजू लुळी असेल तर मान लुळ्या बाजूकडे वळवून गिळावं. ती बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूने जातो. लोक नेमकं उलटं करतात.

शिंपला

आभार. बाळांबद्दलही कुणी लिहाल का? बोंडल्याने दूध पाजतात त्याबद्दल विशेष.

टाकळा

बाळाचं स्वरयंत्र मोठ्यांपेक्षा वर असतं, साधारण मानेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यापाशी. मोठ्यांत ते पाचव्या ते सातव्यापर्यंत उतरतं. बाळाच्या एपिग्लॉटिसचं टोक मऊ टाळूच्या जवळ असतं, म्हणून त्याला नाकाने श्वास घेत पिणं जमतं. तरी प्रत्येक घोटाला श्वास थांबतोच. चोखणं, गिळणं, श्वास हा ताल साधारण ३४ आठवड्यांच्या गर्भवयाआधी पक्का नसतो, म्हणून त्याआधी जन्मलेल्या बाळांना बऱ्याचदा नळीने दूध देतात.

बोंडल्यात दोष नाही, ओतण्यात आहे. बाळाला अर्धवट बसतं धरा, बोंडल्याचं टोक ओठाच्या कोपऱ्याशी टेकवा, थोडंसं दूध येऊ द्या, गिळू द्या, थांबा. रडत असताना ओतायचं नाही. रडताना बाळ मध्येच जोरात श्वास आत घेतं आणि त्या क्षणी स्वरतंतू सताड उघडे असतात. नाक दाबून किंवा आडवं धरून गुटी पाजणं याच कारणाने बंद झालं पाहिजे. दूध पिताना ओठ निळसर झाले, कपाळाला घाम आला किंवा प्रत्येक पाजण्याला खोकला आला तर बालरोगतज्ज्ञांना त्याच दिवशी दाखवा.

पाऊलवाट

शेवटचा प्रश्न. स्वरयंत्र वर चढवायची ताकद व्यायामाने वाढते का?

खडीसाखर

वाढू शकते. जास्त वापरला जाणारा व्यायाम डोकं उचलण्याचा. पाठीवर सपाट झोपा, उशी नको. खांदे न उचलता फक्त डोकं इतकं उचला की पायाची बोटं दिसतील. १ मिनिट धरा, १ मिनिट विश्रांती, असं तीनदा. मग न थांबता ३० वेळा डोकं वर-खाली. दिवसातून तीनदा, सहा आठवडे. पहिल्या दिवशी पूर्ण मिनिट फार थोड्यांना जमतं, १०-१५ सेकंदांपासून वाढवत न्या. मानेच्या मणक्यांचा त्रास किंवा ट्रेकिओस्टॉमी असेल तर हा नको. त्यांनी सरळ बसून हनुवटीखाली मऊ रबरी चेंडू दाबायचा प्रकार थेरपिस्टकडून शिकून घ्यावा, पण मानेचं दुखणं असेल तर डॉक्टरांना विचारूनच.

दुसरा व्यायाम: लाळ गिळताना कंठमणी वर गेला की त्याला दोन-तीन सेकंद वरच धरून ठेवायचं, मग सोडायचं. हात गळ्यावर ठेवून शिकवला की लवकर जमतो. वाटाड्यांनी लिहिलेली श्वास रोखून गिळायची पद्धत मात्र नुकताच पक्षाघात झालेल्या किंवा हृदयविकार असलेल्या रुग्णाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. जोर लावून श्वास रोखताना हृदयाचे ठोके बिघडल्याची नोंद आहे.